शेवटच्या फर्म्यापासून

पारूताईला बाकीचे लोक विसरले तरी चालेल. आप्पासाहेबांनी तिला विसरू नये, एवढ्यासाठी मी हे लिहिते आहे. त्यांची नजर आता अधू झाली आहे म्हणतात, पण कुणीतरी वाचून दाखवेलच. मोठ्यानं वाचून दाखवण्याची त्यांना फार आवड होती, म्हणून हे त्यांना मोठ्यानंच वाचून दाखवावं.

पारूताई बुकबाइंडर होती. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, लग्नपत्रिकांच्या दुकानांच्या रांगेत, प्लायवूडच्या भिंतीनं अर्धा केलेला तिचा गाळा होता. पलीकडच्या अर्ध्यात किशनदादा नावाचे सिंधी गृहस्थ पत्रिका विकायचे. अलीकडे पारूताई, तिचा पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, शिवायची लाकडी चौकट आणि खळीचं पातेलं. खळ मैद्याची, आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद. त्या निळसर वासानं तिचे हात, तिचं लुगडं आणि तिनं बांधलेली सगळी पुस्तकं ओळखू यायची. दाभण ती अंबाड्यात खोचून ठेवायची. भांडायला उभी राहिली की हात पहिला तिथं जायचा, दाभण काढायची, समोरच्याकडे बघायची आणि परत खोचायची. एवढ्यावर निम्मी भांडणं मिटत.

मी अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या गल्लीतल्या एका वाचनालयात अर्धा दिवस काम करायची. नवीन पेपरबॅक दोन वाचकांत सुटतात, म्हणून आमच्याकडे रीतच होती की कुठलंही नवीन पुस्तक आधी कॅम्प दोनला जाणार, पुठ्ठ्यात पक्कं होऊन येणार, मग कपाटात लागणार. त्यामुळे वाचनालयाचं प्रत्येक पुस्तक सगळ्यात आधी वाचायचा मान पारूताईचा होता, आणि हे आमच्या एकाही कार्यकारिणी सदस्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

ती बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून लग्न करून आलेली, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेली. नवरा बाइंडर. पानांचे नंबर लावायला म्हणून त्यानं तिला आकडे शिकवले. अक्षरं ती स्वतः शिकली, नवरा गेल्यावर, कुणी फसवू नये म्हणून. सोळा पानांचा दुमडलेला एक गठ्ठा म्हणजे एक फर्मा. असे वीस-पंचवीस फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक. तिच्या नवऱ्याची पद्धत शेवटच्या फर्म्यापासून शिवत पुढं यायची. तिनं ती सोडली नाही, आणि शिवता शिवता वाचायची म्हणून प्रत्येक कादंबरी तिनं शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली. वाचायची मोठ्यानं, एकेका शब्दावर बोट ठेवून. पलीकडून किशनदादा विचारायचे, "आगे क्या हुआ, ताई?"

"आगे का हो गया, दादा. अभी पीछे का बाकी है."

मी एकदा तिला म्हटलं, अशानं मजा काय राहते? ती म्हणाली, "बाय, कोण मेला ता आधी समजला ना, का मग कुणी मारला तो बरोबर सापडतं. पुढून वाचणारी लोका बावळट. त्यांना सगळी माणसा चांगलीच वाटतात."

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे मुली आणि सुना नव्या कादंबऱ्या मागू लागल्या. अलीकडच्या प्रेमकथा, जादूच्या राज्यांच्या, अंतराळातल्या. काही मराठीत लिहिलेल्या, बऱ्याच अनुवाद केलेल्या. खरेदी माझ्याकडे होती, मी मागवत गेले. त्यांची खरी नावं कुणी घेत नसे. एक होतं 'ड्रॅगनचं', एक 'लिफ्टवाल्याचं', एक 'मंगळावरच्या मेथीचं'. पारूताईला ही पुस्तकं जेवढी आवडली तेवढी आधीची कुठलीच आवडली नव्हती. का, तेही तिनं सांगितलं होतं. "जुन्या पुस्तकात बाई घरातून गेली का धडा संपतं. ह्यांच्यात बाई गेली का गोष्ट तिच्या मागं चालत जाते."

पण डोळे मिटून वाखाणणी करणारी ती नव्हती. एका कादंबरीत अंतराळयानातले लोक भातशेती करतात. तिनं ते पान मला मुद्दाम काढून दाखवलं. "ह्यानं पाणी लिवला, उजेड लिवला, आणि पालापाचोळा जाळून राब कुठं भाजला? राब न भाजता रोप टाकलान! ह्याचा भात मंगळावर काय, आमच्या पाड्यावर पण नाय होणार." प्रेमकथांबद्दल तिची तक्रार एकच, की माणसं एकमेकांचा हात धरायला दोनशे पानं घेतात. तरी ती दोनशेच्या दोनशे वाचायची.

सूड हा तिचा स्वभाव होता. मी गुळगुळीत शब्द वापरणार नाही. तिला 'मनस्वी', 'करारी' म्हणणारे लोक भेटले, पण ती सूड उगवणारी बाई होती आणि चांगल्या हातानं उगवायची. एका प्राध्यापकांनी आपल्या लेखांचा जाडजूड संग्रह बांधायला दिला होता. येता-जाता "ए बाई, झालं का?" पारूताईनं काम वेळेवर दिलं, सुंदर दिलं, वर सोनेरी अक्षरं. प्राध्यापक खूश होऊन गेले. गेल्यावर ती म्हणाली, "शिवण अशी आवळली हाय, पुस्तक उघडल, पण उघडा राहनार नाय. दोन्ही हातांनी धरून बसायला लागल. जन्मभर." मी विचारलं, त्यांना कळेल का? "नाय कळनार. म्हणून तर. गाठ मागं मारायची, बाय. पुढून दिसता नये."

हे तिचं वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. शिवणीबद्दल म्हणायची आणि माणसांबद्दलही.

आता आप्पासाहेब. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. माणूस शिकलेला, आवाज भारदस्त, हातात कायम बंद छत्री. 'चिंतनधारा' नावानं त्यांनी स्वतःच्या विचारांचे पाच भाग छापून घेतले होते आणि प्रत्येक भागाच्या आठ प्रती वाचनालयाला दिल्या होत्या. आयुष्यात घाई कशी करू नये, अशा स्वरूपाचे विचार. त्या चाळीस प्रती कपाटात सगळ्यात वरच्या, सगळ्यात दर्शनी फळीवर उभ्या असत. माझ्या नोकरीच्या सगळ्या काळात त्यातली एकही कुणी घरी नेल्याचं मला आठवत नाही. झुरळंसुद्धा खालच्या फळीवरच राहायची.

आप्पासाहेबांना नव्या कादंबऱ्या सलत होत्या. एकदा सभासदांच्या सभेत ते उभे राहिले, माझ्या टेबलावरचं देवघेवीचं रजिस्टर मागून घेतलं आणि म्हणाले, "आपलं वाचनालय कुठल्या दिशेनं चाललंय ते मी सांगत नाही, हे रजिस्टर सांगेल." आणि त्यांनी नावं वाचायला सुरुवात केली. बायकांचीच. नाव, गाव आणि पुस्तक. प्रत्येक नावानंतर थोडं थांबायचे, लोकांना हसायला वेळ मिळावा म्हणून. लोक हसले. मीही थांबवलं नाही त्यांना, तिथंच बसून राहिले, आणि याची मला आजही लाज वाटते.

"सौ. दीपाली. बदलापूर गाव. ड्रॅगनचा प्रणय. तीन वेळा मुदत वाढवून!" त्यांनी चष्म्यावरून सभागृहाकडे बघितलं. "एवढं काय आहे हो त्या ड्रॅगनमध्ये?"

दीपाली बालवाडीत शिकवायची. दर सोमवारी शिवमंदिरात दर्शनाला यायची, दर्शन मनापासून घ्यायची, आणि मग आमच्याकडे येऊन पुस्तक बदलायची. फारसं बोलायची नाही. परत दिलेल्या पुस्तकात खुणेला ठेवलेलं बेलाचं पान तसंच राहायचं. त्या दिवशी ती सभेला नव्हती, पण तिचे सासरे जनार्दनराव व्यासपीठावरच होते, कार्यकारिणीचे सदस्य म्हणून. ते हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली. पुढच्या सोमवारी दीपाली आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तिनं कुणाच्या तरी हाती कार्ड परत पाठवलं. निरोप एवढाच होता की घरी बरं दिसत नाही.

मी हे पारूताईला सांगितलं तेव्हा ती खळ ढवळत होती. तिनं हात थांबवला. "कोन? ती बेलाचा पान ठेवनारी?" दीपालीला तिनं कधी बघितलेलं नव्हतं. पुस्तकं दुरुस्तीला यायची, त्यांतून तिला ती पानं सापडायची, आणि ती त्यांना जागच्या जागी परत ठेवायची.

दुसऱ्या आठवड्यात आप्पासाहेब स्वतः कॅम्प दोनला गेले, मी बरोबर. टेम्पोत दोन ढीग होते. एक ढीग ठराव करून रद्द केलेल्या नव्या कादंबऱ्यांचा. दुसरा 'चिंतनधारा'च्या चाळीस प्रतींचा. वर्धापनदिन जवळ आला होता आणि त्यांना आपले ग्रंथ पुन्हा भक्कम बांधून हवे होते. ते म्हणाले, "ह्या कचऱ्याचे पुठ्ठे काढून घ्या, पानं काय करायची ती करा. आणि माझे ग्रंथ असे बांधा की पन्नास वर्षं हलता कामा नयेत."

पारूताईनं ड्रॅगनचं पुस्तक ढिगातून उचललं. "ह्या चांगला हाय, साहेब. मी वाचलाय."

आप्पासाहेब हसले. तेच सभेतलं हसू. "तुम्ही वाचता? अहो, शिवणाऱ्यानं शिवावं. वाचायला लागला की शिवण बिघडते."

तिचा हात अंबाड्याकडे गेला. दाभण निघाली. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि दाभण परत खोचली. "बरा," ती म्हणाली. "पन्नास वर्षा हलनार नाय."

मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पुस्तकं महिनाभरानं आली. चाळीसच्या चाळीस, गडद तपकिरी, पाठ नवीन कापडाची, त्यावर सोनेरी अक्षरांत 'चिंतनधारा' आणि भागाचा आकडा. आप्पासाहेबांनी हात फिरवून बघितली, वास घेतला, "काम येतं बाईला," म्हणाले. उघडलं मात्र नाही. स्वतःचं पुस्तक कोण उघडतं, आत काय आहे ते माहीतच असतं. मी शिक्का मारायला भाग पहिल्याची पहिली प्रत उघडली. पहिल्या पानावर नदीकाठी एक मुलगी उभी होती आणि पाण्यातून ड्रॅगनची शेपटी निघत होती. मी दुसरा भाग उघडला. लिफ्ट मधल्या मजल्यावर बंद पडली होती. चौथ्या भागात मंगळावर मेथी उगवत होती. प्रत्येक प्रतीत एक वेगळी कादंबरी होती.

मी शिक्के मारले. सगळ्या चाळीस पुस्तकांवर, सरळ, शाई नीट सुकवून. नोकरी जाईल हे मला माहीत होतं. पण त्या सभेत मी गप्प बसले होते आणि गप्प बसायची ही दुसरी, बरी संधी होती.

पहिला वाचक कोण असावा? जनार्दनराव. सभेतल्या त्या प्रकाराचा डाग पुसायला म्हणून ते अध्यक्षांच्या देखत माझ्या टेबलाशी आले आणि मोठ्यानं म्हणाले, "भाग पहिला द्या. आमच्या सूनबाईंना वाचायला. घरात चांगले विचार यायला हवेत." मी ड्रॅगनवाली प्रत दिली, आणि पिशवीत घालून ते स्वतः पुस्तक बदलापूर गावाला घेऊन गेले. आठ दिवसांनी परत आले, चेहरा उजळलेला. "काय सांगू, जेवण विसरून वाचते! रात्री मला विचारते, मामंजी, दुसरा भाग कधी आणता? तिसराही देऊन ठेवा." मी दोन्ही दिले. पहिला भाग परत घेतला तेव्हा त्यात बेलाचं पान होतं.

ते पान मी कॅम्प दोनला नेऊन पारूताईला दाखवलं.  पान शिकंज्याच्या कडेला ठेवलं आणि त्या दिवशी किशनदादांच्याही चहाचे पैसे तिनं दिले.

दीपालीनं बालवाडीतल्या बाईंना सांगितलं असावं, त्यांनी आपल्या बहिणीला. महिन्याभरात माझ्यासमोर रांगा लागल्या. सासवा, सासरे, नवरे येऊन 'चिंतनधारा' मागत. ज्या घरांत 'कसली पुस्तकं वाचतेस' म्हणून बोलणी खाल्ली जात, त्याच घरांतले पुरुष भाग चौथा लवकर मिळावा म्हणून माझ्याशी हुज्जत घालू लागले. मुलींनी मात्र एकमेकींना बरोबर सांगितलं होतं. त्या हळूच यायच्या आणि विचारायच्या, "मॅडम, ड्रॅगनवालं चिंतन आलं का?" गावभर माहीत झालेली गोष्ट एका माणसापर्यंत पोचत नव्हती, कारण त्याच्यापर्यंत काही पोचवावं असं कुणाला वाटत नव्हतं.

आप्पासाहेब रोज रजिस्टर बघायला येऊ लागले. आपल्या नावापुढच्या नोंदींवरून बोट फिरवायचे. एकदा मला म्हणाले, "लोकांना कचरा देणं बंद केलं की लोक आपोआप वर येतात बघा." मी म्हटलं, "हो ना, आप्पासाहेब." इतक्या मनापासून मी त्यांना कधी दुजोरा दिला नव्हता.

वर्धापनदिनाला सभागृह भरलं. पारूताईला मी मुद्दाम बोलावलं होतं. ती दाराशी, चपलांच्या शेजारी उभी राहिली, आत बस म्हटलं तर नको म्हणाली. आप्पासाहेबांनी पुन्हा तेच रजिस्टर हातात घेतलं. "मागच्या वेळी मी याच रजिस्टरातून आपली अधोगती वाचून दाखवली होती. आज उन्नती वाचतो." आणि नावं सुरू झाली. नाव, गाव, चिंतनधारा. नाव, गाव, चिंतनधारा. बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. आप्पासाहेबांना वाटलं, भारावल्या आहेत.

मग त्यांनी दीपालीला पुढं बोलावलं. पाचही भाग वाचलेली आदर्श वाचक म्हणून शाल आणि नारळ. जनार्दनरावांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. आप्पासाहेबांनी विचारलं, "सूनबाई, कुठला भाग सगळ्यात भावला?"

"पहिला," दीपाली म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"आणा पहिला!" ते मला म्हणाले. मी ड्रॅगनवाला आणला. त्यांनी तो मधोमध उघडला, पान न बघता श्रोत्यांकडे बघत घसा साफ केला, आणि त्या भारदस्त आवाजात वाचू लागले. "ड्रॅगननं पंख मिटले. त्याच्या गळ्याखालची खवल्यांची ओळ तापून लाल झाली होती. तो रेवतीच्या इतका जवळ आला की..." आवाज पुढं गेला होता आणि माणूस मागं राहिला होता. सवयच तशी, वाक्य पूर्ण करायची. "'...तू मला भीत नाहीस?' रेवती म्हणाली, 'भिते. पण...'"

तिथं ते थांबले. पान उलटलं. परत मागचं बघितलं. मुखपृष्ठ बघितलं. सभागृहात एकही माणूस हसला नाही, आणि हेच फार भयंकर होतं.

त्या शांततेत दीपालीनं, हातात नारळ घेऊन उभ्या असलेल्या दीपालीनं, वाक्य पूर्ण केलं. पाठ होतं तिला. "'...पण भीती वाटते म्हणून घरी परत जाणारी मी नाही.'" आणि मागच्या रांगांतून आणखी चार-पाच आवाज पुढची ओळ म्हणू लागले.

मग लोक हसले. आधीच्या सभेपेक्षा दुप्पट. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. मी पोटभर हसले. दाराकडे बघितलं तर पारूताई हसत नव्हती. ती अगदी लक्ष देऊन बघत होती, शिवण पुरी झाली की ती पाठ उलटून बघायची तशी.

पुढं व्हायचं ते झालं. कार्यकारिणीनं पारूताईचं काम काढून घेतलं. ती म्हणाली, "काढलान तर काढलान." आप्पासाहेब प्रकृतीच्या कारणास्तव अध्यक्षपदावरून दूर झाले. मला एक कडक पत्र मिळालं आणि मी ते फाइलला लावलं. ती चाळीस पुस्तकं बाहेर काढायचा विषय निघाला तेव्हा जनार्दनराव उठून म्हणाले, "काढायची काही गरज नाही." त्यांनी कारण दिलं नाही. पुढच्या सोमवारी दीपाली सासऱ्यांशिवाय, स्वतः आली, आणि तिनं ड्रॅगनच्या दुसऱ्या खंडाची चौकशी केली. नावानं, मोठ्यानं.

या सगळ्यानंतर काही महिन्यांनी मी कॅम्प दोनला गेले होते. देवघेवीच्या त्या रजिस्टरची शिवण सुटली होती. ते पारूताईकडे द्यायला मनाई होती, म्हणून मी ते पिशवीत घालून, वर भाजी ठेवून नेलं. ती ते चौकटीवर शिवत बसली होती तेवढ्यात गाळ्याच्या दाराशी बंद छत्री दिसली.

आप्पासाहेब वाळले होते. मला बघून त्यांनी ओळख दाखवली नाही. पारूताईला म्हणाले, "माझी पानं कुठं आहेत?"

"पुस्तकांच्या पाठीत," ती शिवता शिवता म्हणाली. "पाठीला अस्तर लागतं, पुठ्ठ्याला लागतं. तुमचा कागद चांगला होता. ज्या ज्या पुस्तकाला तुम्ही कचरा बोललात ना, ता आता तुमच्याच पानावर उभा हाय."

ते ओरडतील असं मला वाटलं. ते बाकड्यावर बसले. "बाकीचं जाऊ दे," ते म्हणाले. "घरी संच आहेत. पण पहिल्या भागाची पहिली प्रत... तिच्यावर आमच्या हिनं लिहिलं होतं. 'वाचनालयास सप्रेम भेट', आणि खाली सही. पुस्तक द्यायला तीच आली होती त्या दिवशी. तिच्या हातचं दुसरं काही राहिलेलं नाही माझ्याकडे. वाण्याच्या याद्यासुद्धा फेकल्या गेल्या."

प्लायवूडपलीकडे किशनदादांचं पत्रिका मोजणं थांबलं. मला आप्पासाहेबांची दया आली नाही म्हटलं तर खोटं होईल. थोडी आली. मग मला दीपालीनं परत पाठवलेलं ते कार्ड आठवलं.

पारूताईनं सुई रोवली आणि प्रथमच वर बघितलं. "ता पान मी लावला नाय. बाईमाणसाचा अक्षर होता. त्याला खळ नाय लावली. दोन घड्या घालून कोरडा ठेवलाय, ड्रॅगनच्या पुस्तकाच्या पाठीत. पोकळ पाठ हाय, आत सुखरूप हाय."

आप्पासाहेबांचे ओठ हलले. "मग ते काढून... आत्ता उसवून द्या. मी काय लागेल ते..."

"पुस्तक इश्शू हाय." तिनं माझ्याकडे बघितलं. "कोनाकडं गो, बाय?"

"दीपालीकडे. पुन्हा नेलंय," मी म्हटलं. "आणि मागं अकरा जणींचे नंबर आहेत."

"ऐकलात? बारावा नंबर तुमचा. आला का घरी न्यायचा, पुरता वाचायचा, आणि मग इथं आनायचा. मी उसवीन, पान देईन, परत शिवीन. वाचल्याबिगर आनलात तर मना समजल. मी इचारीन, शेवटच्या फर्म्यापासून."

"मी अध्यक्ष होतो त्या वाचनालयाचा," आप्पासाहेब म्हणाले. सांगत होते की विचारत होते, ते कळलं नाही.

 चौकटीवरचं रजिस्टर, अर्धं शिवलेलं, दोरे लोंबत असलेलं, तिनं त्यांच्याकडे फिरवलं आणि नंबर लावलेल्यांचं पान उघडून हातानं दाबून धरलं. मी माझं पेन पुढं केलं.  छत्री मांडीवरून खाली पडली ती त्यांनी उचलली नाही. मग त्यांनी लिहिलं, त्या सगळ्या नावांच्या खाली.

पारूताईनं रजिस्टर आपल्याकडे वळवलं. नवीन ओळीवर बोट ठेवलं आणि वाचू लागली. एकेक शब्द, मोठ्यानं, सावकाश. त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. थांबली. "अंबरनाथ." थांबली. "ड्रॅगनचा. नंबर बारा." समोरच्या दुकानातली दोन माणसं वळून बघू लागली.

"कौन है, ताई?" पलीकडून किशनदादांनी विचारलं.

पारूताईनं अंबाड्यातली दाभण काढली, पुढच्या फर्म्याला भोक पाडलं आणि दोरा ओढून घेतला. गाठ मागच्या बाजूला मारली.

"नया पढनेवाला आया है," ती म्हणाली.